चाचीचा बांबू

घर बघायला गेली की चाची आधी मोरी न्हाई, चूल न्हाई, भिंत बघायची. भिंतीएवढ्या उंचीचा बांबू कायम माझ्या जीपीवर बांधलेला. तो भिंतीच्या बुडापासून अंगणात आडवा टाकायची अन् म्हणायची, "लेट रे गाढवा." गाढव म्हंजे मी, तिचा जीपवाला. बांबू संपला तिथून पुढं मी पाय पसरून मावलो तर घर पास. भिंत पडली तरी अंगणात बाजेवर निजलेलं माणूस वाचलं पायजे. शाळेनं मला दुसरीतच सोडलं, पण माझ्यापायी मोठमोठे बंगले नापास झाले.

भूकंपाच्या पहाटे चाची माहेरी अंगणात निजलेली. आई आत होती. आई गेली. तवापासून चाची कधी छताखाली निजली न्हाई. नांदेडच्या तिच्या बंगल्याला मोकळी जागा एवढी, की माझ्यासारखी अख्खी वरात लोळली असती.

पण लेक शबाना लातूरला क्लासात शिकवायची, एका खोलीत राहायची. नवरा दुबईला, अन् तिला दिवस गेलेले. म्हणून चाची नांदेडचं इकून लातूरला दोघींपुरतं घर बघून राहिली होती.

लातुरात समद्यांनी अंगणात खोल्या बांधून क्लासची पोरं ठिवलेली. एजंट म्हणला, "चाची, नांदेडचं माप हितं चालत न्हाई. हितं अंगण मोकळं सोडणाऱ्याला येडं म्हणतेत." एका घरी माझे पाय फाटकाभाईर, रस्त्यावर. क्लासला निघालेली पोरगी थांबली. "काका, चक्कर आली का?"

"न्हाई माय, बंगला बघून राहिलो."

शेवटच्या घरी पाय थेट गटारीत गेले. चाचीनं न्हाई म्हणून मान हलवली. शबाना फाटक धरून रडाया लागली. "अम्मी, तू भिंतीच बघ. मला कोण बघंल?"

चाचीनं मंग बांबू उचलला. "ऊठ गाढवा," म्हणली, अन् एजंटकडं वळून, "हेच द्या."

ऱ्हायला गेली, पण बाज दारात. डोकं भाईर, पाय आत.

नातू झाल्यावर मी पेढे खायला गेलो. बांबू अंगणात आडवा बांधलेला, त्याच्यावर लंगोट-दुपटी वाळत होती. दारात बाज दिसली न्हाई. मी सवयीनं अंगणात आडवा झालो. पाय पुन्हा गटारीत.

आतून, नातवाला थोपटत, बाजेवरून चाचीचा आवाज आला, "गाढवा, भाईर कामून पडलास? आत ये की."