हिरव्या लुगड्याची वाकळ

निलंग्यात आमची छोटी संस्था आहे. तिथे बाया जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवतात. सोशल मीडियावरच्या आमच्या पानावर मी बैठकांचे फोटो टाकायची, पण कुणी काही बोलायचं नाही. एका दुपारी उन्हात घातलेल्या वाकळेचा फोटो टाकला आणि सहज विचारलं, "तुमच्या वाकळेत कुणाचं लुगडं होतं?"

संध्याकाळपर्यंत लोक आईच्या, आत्याच्या लुगड्यांविषयी लिहीत राहिले. नांदेडच्या एका बाईंनी लिहिलं, "आईचं हिरवं लुगडं कपाटात आहे. नेसवत नाही, टाकवतही नाही."

मी ते मोठ्याने वाचलं. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशी म्हणाल्या, "धाडून द्या म्हणावं. म्या देते शिवून."

मी त्यांचाच आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

काही दिवसांनी त्या बाई स्वतःच लुगडं घेऊन एसटीनं आल्या. "मावशी, मलाच शिकवता का?"

"हाव, बस की."

मावशींनी सुई ओवून त्यांच्या हातात दिली. मग दोघी शेजारी बसून शिवत राहिल्या. दारातलं ऊन हळूहळू आत सरकलं, आणि हिरव्या कापडावर टाके पाण्यावरच्या तरंगांसारखे पसरत गेले.

आता त्या अधूनमधून येतात. पानावर ओळख झालेल्या एकदोघींनाही सोबत आणतात.