भिंतीतल्या दाराची कडी

कांबळे अण्णा खुर्चीत बसायला तयार नव्हते आणि शैला खुर्चीतून उठायला तयार नव्हती.

"बाई, हिला आधी जाऊ द्या. मग मी बोलतो," अण्णा म्हणाले.

"मी आधी आलेय. नंबर माझा," शैला म्हणाली, पण माझ्याकडे बघत.

निहार, सई, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं टॅरिफवरून भांडलात. रॉटरडॅमचा निहार म्हणत होता, बाजार सगळ्यांना खुला हवा. टोरांटोची सई म्हणत होती, आधी आपले कारखाने वाचवायला हवेत. शेवटी दोघंही माझ्यावर आलात: "आजी, कोण बरोबर?" मला ते एका वाक्यात सांगता येत नाही. म्हणून ही हकिकत लिहिते.

मळमड्डीच्या घरातली पुढची खोली म्हणजे माझं ऑफिस, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे मी काय करते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. परदेशातून माल आणायचा किंवा तिकडे पाठवायचा तर कोणते नियम, कोणता कर, हे मी कारखानदारांना सांगते. गोकुळ रोडवरच्या कारखानदारांच्या असोसिएशनची मी सल्लागार आहे.

कांबळे अण्णांची तिथे फाउंड्री आहे. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि थंड झालं की साचा फोडायचा. जी वस्तू निघते ती कास्टिंग. अण्णा पाण्याच्या पंपाची बॉडी, म्हणजे बाहेरचं लोखंडी कवच ओततात. शेजारच्या शेडमध्ये शैला हिरेमठ त्या बॉडीत मोटर बसवून पंप तयार करते. तिचे पंप इथे विकले जातात आणि केनियालाही जातात. दोन शेडमध्ये एकच भिंत, आणि भिंतीत एक लोखंडी दार. अण्णांच्या बॉड्या हातगाडीवरून त्या दारातून सरळ शैलाकडे जायच्या.

मग शैला चीनहून बॉड्या मागवू लागली. दाराला कडी लागली. अण्णांच्या दोन भट्ट्यांपैकी एक बंद पडली.

आता देशातल्या फाउंड्र्यांनी मिळून दिल्लीला मागणी केली होती, की परदेशी बॉड्यांवर जादा ड्यूटी लावा. ड्यूटी म्हणजे आयात मालावरचा कर. तो लागला की बाहेरचा माल महाग होतो आणि इथल्याला उभं राहायला जागा मिळते. दिल्लीने आमच्या असोसिएशनचंही मत मागवलं होतं. ते सोमवारी जायचं होतं, आणि लिहायचं मी.

"ड्यूटी नाही लागली तर दुसरी भट्टीही बंद करतो बघा," अण्णा म्हणाले. "माझी पोरं काय खाणार?" पोरं म्हणजे त्यांचे कामगार. त्यातले निम्मे आता नातवंडांचे आजोबा आहेत.

"आणि लागली तर माझं केनियाचं गिऱ्हाईक जाणार," शैला म्हणाली. "माझ्याकडच्या बायकांनी काय खायचं?"

असोसिएशनचे अध्यक्ष देसाई यांना मी फोन केला. ते स्वभावाने गोड माणूस.

"बाई, दोघांनाही बरं वाटेल असं लिहा की."

"देसाई, तसं फक्त लग्नपत्रिकेत लिहितात."

माझी एक जुनी पद्धत आहे. सुनावणीआधी मी अशिलाला समोरच्याची बाजू मांडायला लावते. स्वतःची बाजू सगळ्यांना पाठ असते. शनिवारी दुपारी मी दोघांना असोसिएशनच्या हॉलमध्ये बोलावलं. देसाईंनी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी मागवली, कारण त्यांच्या मते उपाशी माणूस जास्त भांडतो. मी दिल्लीची अधिकारी झाले.

"अण्णा, तुम्ही शैला. उठा आणि सांगा, ड्यूटी का नको."

"मी? बायकोला कळलं तर घरात घेणार नाही." पण उठले. आधी शैलासारखा पदर सारखा केल्याची नक्कल केली. देसाई हसले, शैला हसली नाही. मग अण्णा बोलू लागले.

"मॅडम, मी पंप करते. बॉडी म्हणजे नुसतं कवच. आत मोटर, फिरणारा शाफ्ट, तांब्याच्या तारेचं वाइंडिंग. ते सगळं माझ्याकडच्या बायका करतात. या कांबळेच्या भाचीची सून पण वाइंडिंगला हाय. बॉडी महाग झाली की माझा पंप महाग. केनियावाला काय माझा पाव्हणा हाय? तो चीनमधून आख्खा पंपच घेईल. मग माझा पंप बी गेला, आणि..."

अण्णा थांबले. हातातली मिरची तशीच राहिली.

"आणि काय?" मी विचारलं.

"आणि पंपच नसला तर बॉडी कुणाला विकू मी?"

"'मी' नाही, 'कांबळे' म्हणा," शैला हळूच म्हणाली. "आत्ता तुम्ही शैला आहात."

अण्णा बसले. आता शैलाची पाळी.

"नोड्री मॅडम, बघा," तिने अण्णांचा घोगरा आवाज काढला, "भट्टी म्हणजे घरातला गॅस नव्हे. बंद केली की साचे भरणारे कामगार कोल्हापूरला जातात, परत येत नाहीत. उद्या जहाज अडकलं, तिकडच्यांनी भाव वाढवला, तर ही शैला कुणाच्या दारात येणार? मागे तिचा कंटेनर बंदरात अडकला तेव्हा बॉड्या कुणी दिल्या? या कांबळेनेच दिल्या. तोंड वाकडं करून दिल्या, पण दिल्या."

"हौदु, हौदु, खरंय," देसाईंनी मान हलवली.

"बरोबर बोलली," अण्णा पुटपुटले.

शैला बसायच्या ऐवजी तशीच उभी राहिली, आणि आपल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आता मी माझंच बोलते. मोठ्या बॉडीत भावाचा फरक आहे, खोटं कशाला बोलू. पण लहान साइझमध्ये जहाजाचं भाडं धरलं तर चहापाण्याचा फरक. तरी मी बाहेरून घेते. का? अण्णांकडे चाळीस मागितल्या की म्हणायचे, चारशे घे, एवढ्याशासाठी मी साचा बदलत नाही. चीनवाला एका कंटेनरमध्ये सगळे साइझ मिसळून देतो."

"मग हे तोंडावर का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? दाराला कडी."

"कडी तू घातलीस!"

"मी? अण्णा, माझ्या बाजूला कडीच नाही."

अण्णांनी आठवून पाहिलं. मग देसाईंनी आणखी भजी पुढे केली.

त्या संध्याकाळी मी मत लिहिलं. मोठ्या बॉड्यांवर जादा ड्यूटी नको. लहान साइझवर लावा, पण ठरावीक मुदतीसाठी. मुदतीचा शब्द शैलाचा. ती म्हणाली, "कायमची लावली तर अण्णा परत चारशेवर येतील." अण्णांनी हरकत घेतली नाही. मोठ्या बॉडीचं काम सोडायचं म्हणजे त्यांच्या धंद्याचा मोठा तुकडा जात होता. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "पाठवा, बाई."

मग आम्ही चौघंही अण्णांच्या शेडमध्ये गेलो. दारापुढे भंगार लोखंडाचा ढीग होता. तो बाजूला केला, तरी गंजलेली कडी हलेना. अण्णांनी हातोडा घेतला. शैला आपल्या शेडमध्ये जाऊन पलीकडून दार ढकलत होती.

"हळू ढकल! पाय आहे माझा!"

"मग पाय काढा की, अण्णा!"

दिल्लीचा निर्णय बऱ्याच महिन्यांनी आला. फाउंड्र्यांच्या अर्जातली माहिती अपुरी म्हणून कुठल्याच बॉडीवर ड्यूटी लागली नाही, लहानवर नाही की मोठ्यावर नाही. मी फोन केला तेव्हा अण्णा म्हणाले, "असू दे, बाई. नंतर बोलू का? साचा बदलायला लागलोय."

त्यांनी झटपट साचा बदलायची सोय करून घेतली होती. लहान बॉड्या, पाहिजे तेवढ्या, पाहिजे तेव्हा. शैला तर घेतेच, गोकुळ रोडवरचे आणखी काही पंपवालेही घेऊ लागलेत. बंद पडलेली भट्टी आता आठवड्यातून काही दिवस पेटते. मोठ्या बॉड्या अजून जहाजानेच येतात. ती बंद पडली तेव्हा कोल्हापूरला गेलेले दोघे कामगार मात्र परतले नाहीत. ते लिहिलं नाही तर हकिकत खोटी होईल.

तेव्हा निहार, सई, येत्या रविवारी जागा बदलून भांडा. निहारने कारखाने वाचवावेत, सईने बाजार उघडावा. मी अधिकारी होईन. आणि दार कुणी बंद केलं यावर वाद घालण्याआधी कडी कुठल्या बाजूला आहे ते उठून बघून या.