नुसती लाल रेघ

नात एका कंपनीत अकाउंट्सला नवीन लागली आहे. तिने केलेला हिशेबाचा कागद साहेबाने परत पाठवला. त्यावर नुसती आडवी लाल रेघ, बाकी एक अक्षर नाही.

"काय चुकलं ते विचार की!"

"विचारलं, आजी. म्हणाले, तूच शोध. सोमवारपर्यंत नाही सापडलं तर कायम करणार नाहीत."

"मेला खडूस!" मी म्हणाले. भाजी निवडणाऱ्या सुनेने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिच्या आमटीची वाटी मी कित्येक वर्षं अशीच बाजूला सारली, काय कमी ते न सांगता. मला वाटायचं, मी शिकवतेय. साहेबालाही तसंच वाटत असेल का? कळत नाही. आमटीत काय कमी असायचं, तेही आता आठवत नाही.