मनाच्या आजाराचा उखाणा

पलूस तालुक्यातल्या आमच्या गावात कुठंही हळदीकुंकू असलं, की मला आधी आवतण येतं. कारण माझे उखाणे. ते मी स्वतः जुळवते, कुणाचे पाठ करून म्हणत नाही. दुसरीचं यमक चुकलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करते, मग समोर नवी नवरी असो नाहीतर सरपंचीणबाई. बायका म्हणतात, हिच्यापुढं नाव घेण्यापेक्षा परीक्षा परवडली. म्हणू देत.

घरात मात्र तीन वर्षं आम्ही एक गोष्ट दडवून ठेवली होती. मालक फौजेतून निवृत्त होऊन आले आणि हळूहळू गप्प झाले. पारावर जाणं सुटलं, जेवण सुटलं. गोठ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचे. लोक म्हणायचे, फौजी माणूस, शिस्तीचा, कमीच बोलणार. आमच्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळं गप्प माणसाचं कौतुकच होतं. आजारी माणसाला शिस्तीचा म्हणून सगळे मोकळे झाले. शेवटी मीच त्यांना सांगलीला मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या, दोन-चार महिन्यांत माणूस ताटावर बसून मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायला लागला. मला इतका आनंद झाला, की मी दुसऱ्या दिवशीही मीठ कमीच घातलं. गावाला आम्ही गुडघ्याचा दवाखाना सांगितला होता. सासूबाईंनी तर त्या भरात मालकांच्या गुडघ्याला सगळ्यांसमोर तेल चोळलं.

मग लेकीला स्थळ आलं. कराडला इंजिनिअरिंग शिकलेली पोर. मुलाची आत्या आमच्याच गावात दिलेली, त्यामुळं बोलणी लवकर पुढं सरकली. आणि मालकांनी गोळ्या बंद केल्या.

"लगीन हुईस्तवर नको," ते म्हणाले. "पावनं येनार, जानार. कुनी डबी बघितली तर पोरीचं वाटूळं हुईल. बापाच्या डोक्यावर परिनाम झालाय म्हंत्याल."

"आवं, डॉक्टरनी मनानं बंद करायच्या न्हाईत म्हणून सांगितलंय न्हवं?"

"डॉक्टरच्या पोरीचं लगीन न्हाई."

पंधरवड्यात ते पुन्हा गोठ्यात जाऊन बसले. चहा नेला तर पेल्यावर साय धरायची. मी घाबरले, आणि मग मला राग आला. त्यांच्यावर नाही, त्या गुडघ्यावर. आपणच खोटं सांगायचं आणि आपल्याच माणसानं ते जपत झिजायचं, हा कुठला न्याय?

संक्रांतीचं हळदीकुंकू सरपंचीणबाईंच्या अंगणात होतं. वाणाला वाट्या होत्या. मुलाची आत्या माझ्या शेजारीच बसली होती. नाव घ्या, नाव घ्या, असा गलका झाला. मी उठले, पदर नीट केला आणि म्हणाले. मालकांचं नाव इथं लिहीत नाही, जागा मोकळी सोडते:

हलव्याला फुटतो काटा, आच लागते मंद,
मनाच्या आजाराला दार कशाला बंद?
गोळी लागते रोज, नाही चोरी, नाही पाप,
…राव माझे मालक, माझ्या लेकीचे बाप.

माझ्या उखाण्याला नेहमी टाळ्या पडतात. त्या दिवशी आत्याबाई वाण न घेताच उठल्या. सरपंचीणबाईंनी मात्र मला पुन्हा कुंकू लावलं आणि हळूच विचारलं, "सांगलीत कुठं गं? माझ्या भनीला दाखवायचंय. बाळंत झाल्यापास्नं नुसती रडतीया."

स्थळ मोडलं. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. मालक एवढंच म्हणाले, "माज्यामुळं झालं." ते ऐकून माझा धीर पहिल्यांदा सुटला. वाटलं, यमक जुळवायच्या नादात मीच यांना आणखी खोल ढकललं.

तेवढ्यात लेक गोठ्यात गेली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात गोळी. "पप्पा, ज्या घरात तुमची गोळी चालत न्हाई, तिथं मी चालनार न्हाई. घ्या." त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि घेतली.

आता गोळ्यांची डबी भिंतीतल्या देवळीत, चहा-साखरेच्या डब्यांजवळ असते. आणि माझ्याकडं बायका येतात. कुणाला सासऱ्याच्या भासाबद्दल सांगायचं असतं, कुणाला स्वतःच्या झोपेबद्दल, पण तोंड उघडत नाही. मी त्यांना उखाणा जुळवून देते आणि जाताना दवाखान्याचा पत्ताही. सरळ बोललं की लोक उठून जातात. नाव घ्यायला उभ्या राहिलेल्या बाईला मात्र आमच्याकडं कुणी मध्येच थांबवत नाही. तेवढी जागा आम्हाला मिळालेली आहे, मग ती वापरायला नको?

पुढल्या वर्षी लेकीचं लग्न दुसऱ्या घरी ठरलं. त्या मंडळींना मी पहिल्या चहाबरोबरच सगळं सांगून टाकलं होतं. विहिणीच्या पंक्तीत आग्रह झाला, की मुलीच्या आईबापांनी नाव घ्यावं. मी घेतलं. मालक पाटावरून उठून जातील असं मला वाटलं. उठले, पण गेले नाहीत. सावधानमध्ये उभं राहावं तसे ताठ उभे राहिले आणि माझं नाव घेत म्हणाले:

"बर्फात पहारा दिला, तवा जोडीला जवान व्हता. घरात माजं मन आजारी पडलं, तवा … जोडीला बसली."

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. यमक कुठंच जुळलं नव्हतं. मी दुरुस्त केलं नाही.