सेफ्टीचा बूट आणि मामाजी

मोटारसायकल चालवताना माणसाने डोकं सांभाळावं, असं सगळे सांगतात. आमच्या घरात मात्र चर्चा पायाची झाली.

मी तेव्हा मुलचेऱ्याजवळच्या एका शाळेत मास्तर होतो. जुनी मोटारसायकल घेतली होती आणि ती स्लिपर घालूनच चालवायचो. एके सकाळी किक उलटी बसली आणि उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख निघून गेलं. बायकोने, शालिनीने, हळद लावली, पट्टी बांधली आणि पायात बूट असल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, असं बजावलं.

मग बूट निवडणं सुरू झालं. बाजारातले कापडी बूट तिने दोन बोटांनी दाबून नापास केले. गमबूट घालून पाहिले, तर मी शिक्षक न दिसता नाल्यात उतरलेला मासेमार दिसायला लागलो. (मासेमारांना ते शोभतात, कारण त्यांना चालता येतं.) शेवटी माझा साळा, शालिनीचा भाऊ गजू, धावून आला. तो गडचांदूरकडे सिमेंटच्या कारखान्यात होता. त्याने आपले जास्तीचे सेफ्टी शूज आणले. काळे, जाड, पुढे आतून लोखंडी वाटी बसवलेली. माझ्या पायाला ते एक नंबर मोठे होत होते, पण टोकाला चिंध्या कोंबल्या की बसतात, असं त्याचं म्हणणं.

खात्री पटावी म्हणून त्याने मला बूट घालून अंगणात उभं केलं आणि पाट्यावरचा वरवंटा माझ्या पायावर सोडला. मला काहीच लागलं नाही. वरवंटा मात्र घरंगळत त्याच्या स्लिपरवर गेला. गजू खाली बसला, डोळ्यांत पाणी आलं, पण माल विकणाऱ्याच्या निष्ठेने म्हणाला, "पाहा भाऊजी, तुमाले काई झालं का?"

बूट पास झाला.

गाडीवर बसल्यावर एक अडचण कळली. बुटाचं टोक इतकं जाड, की ते गिअरच्या पट्टीखाली शिरलं की पट्टी आणि लेगगार्डच्या मधे पाचरीसारखं बसायचं. जोराचा हिसका दिला की निघायचं. सवय होईल, असं मी स्वतःला सांगितलं. शालिनीला सांगितलं नाही, कारण तिने दुसरा बूट शोधायला सुरुवात केली असती.

त्याच सुमारास धाकट्या मेहुणीचं, वंदनाचं, लग्न जुळत आलं होतं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख पक्की करायला मामाजी, म्हणजे माझे सासरे, मुलाच्या गावी निघाले आणि वाटेत आमच्याकडे उतरले. मामाजी धानाचे शेतकरी. उंच, रुंद आणि बोलायला मोजके. मुलाकडच्यांनी त्याच संध्याकाळी बोलावलं होतं. आपल्याकडे अजून दोन मुलींच्या स्थळांच्या गोष्टी चालू आहेत, असंही त्यांनी कानावर घातलं होतं. दुपारची एसटी आलीच नाही. मामाजी स्टँडवरून परत आले आणि ओसरीवर बसून नुसते रस्त्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा बघवेना.

"मी नेतो ना तुमाले," मी म्हणालो.

शालिनीने स्वतः वाकून माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या. वाटेत सुटू नयेत म्हणून गाठीवर गाठ मारली.

निघालो तेव्हा ऊन कलत होतं. मोहफुलांचे दिवस. जंगलातल्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मोहाचा गोड, जड वास येत होता. वेचणारे लोक घरी परतले होते. मामाजी मागे बसून मुलाच्या घरच्यांविषयी सांगत होते, मी मान डोलावत होतो आणि एका वळणावर गाडी वळवली. समोर रस्त्यावरच, एका कडेला, अस्वल उभं होतं.

आमच्याकडे लोक वाघाला मान देतात आणि अस्वलाला भितात. वाघ विचार करतो, अस्वल करत नाही, असं म्हातारे सांगतात. हे अस्वल खाली मान घालून फुलं खात होतं. रस्त्याच्या दुसऱ्या कडेला त्याचं पिल्लू होतं. म्हणजे आई इकडे, लेकरू तिकडे आणि मधे जायला आम्ही निघालेलो.

मी क्लच दाबला, ब्रेक दाबला. गाडी थांबली. थांबल्यावर नेहमीप्रमाणे डावा पाय खाली टेकवायला गेलो.

पाय आलाच नाही.

बूट पट्टीखाली बसला होता. मी हिसका दिला, तसा तो आणखी घट्ट झाला. गाडी डावीकडे कलायला लागली. मागे मामाजींचं वजन. मी हँडल धरून गाडी सावरायला पाहत होतो आणि गाडी अगदी सावकाश, म्हशीने चिखलात बसावं तशी, खाली बसली. मामाजी वेळेवर बाजूला उतरले. मी गाडीखाली. इंजिन एक आचका देऊन बंद पडलं आणि जंगलात एकदम शांतता झाली.

अस्वलाने मान वर केली. मग ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

"हालू नका," मामाजी पुटपुटले.

"हालताच येऊन नाई राह्यलं, मामाजी."

"काऊन?"

"बूट अटकला."

समोर अस्वल नाक वर करून वास घेत होतं. मग मामाजींनी तितक्याच हळू आवाजात विचारलं, "कायचा बूट?"

"सेफ्टीचा."

पेट्रोल ठिबकत होतं. अस्वल चार पायांवर आलं आणि दोन पावलं पुढे सरकलं. त्या वेळी मामाजींना पळता आलं असतं. मागे रस्ता मोकळा होता. लेकीच्या लग्नाचा निरोप त्यांच्याकडे होता, आणि आडवा पडलेला जावई काही कुठे जाणार नव्हता. पण ते पळाले नाहीत. उलट माझ्या आणि अस्वलाच्या मधे येऊन उभे राहिले. खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी पसरून धरला आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात बोलायला लागले.

"जा बाई. लेकरू घे आन् जा. आमी काई करत नाई तुले."

अस्वल थांबलं. मामाजी बोलत राहिले. बोलता बोलता, नजर न हलवता, ते हळूहळू वाकले आणि एका हाताने माझ्या नाड्या चाचपायला लागले. त्यांना पहिली गाठ लागली. मग दुसरी लागली.

"कोनं बांधल्या ह्या?" त्यांनी त्याच सुरात विचारलं.

"तुमच्या पोरीनं."

त्यांनी गाठीचा नाद सोडला. माझा घोटा धरला आणि ओढला. बूट एक नंबर मोठा होता म्हणून वाचलो; चिंध्या आत राहिल्या, पाय मोज्यासकट बाहेर आला. बोटं शाबूत होती. लोखंडी वाटीने गाडीचं ओझं झेललं होतं, हे गजूच्या बाजूने सांगायला हवं.

आता मी शांतपणे मामाजींच्या मागे उभं राहायला हवं होतं. त्यांचंही तेच म्हणणं होतं; त्यांनी हाताने खूणही केली. पण माझे पाय बराच वेळ थांबून कंटाळले होते. मी उठलो आणि पळालो. एका पायात बूट, दुसऱ्यात लोंबता मोजा, तोंडातून कसलासा आवाज. रस्ता सोडून सरळ बोराटीच्या जाळीत शिरलो.

माझं हे रूप पाहून अस्वल दचकलं असावं. ती वळली, पिल्लाकडे धावली आणि दोघंही झाडीत दिसेनाशी झाली. मामाजी सांगतात, ती समजावल्यामुळे गेली. मी सांगतो, माझ्यामुळे गेली. आम्ही दोघांनीही तिला परत विचारायला जायचं टाळलं.

मामाजींनी मला जाळीतून ओढून काढलं. डाव्या पायाचा तळवा काट्यांनी भरला होता. मग दोघांनी मिळून गाडी उभी केली. बूट काही निघेना. गिअर दुसऱ्यावर अडकलेला, तो बदलेना. शेवटी क्लच दाबून गाडी ढकलली, सुरू केली आणि उरलेला सगळा रस्ता दुसऱ्या गिअरवर कापला. रिकामा बूट गिअरपाशी आरामात बसून होता. माझा काट्यांनी भरलेला पाय लेगगार्डवर टेकला होता. पोचायला उशीर झाला होता आणि मला राहून राहून वंदनाचा चेहरा आठवत होता. हे स्थळ तिला मनापासून आवडलेलं होतं.

गावात शिरलो तेव्हा गाडी अशी केकाटत होती, की मुलाकडची सगळी मंडळी बाहेर येऊन उभी राहिली. त्यांनी आधी गाडीवरचा बूट पाहिला, मग माझा पाय, मग पुन्हा बूट. मला बाजेवर बसवलं. मुलाची आई कंदील आणि सुई घेऊन माझ्या तळव्यातले काटे काढायला बसली. मुलाच्या वडिलांना मामाजींनी सगळी हकीकत सांगितली, काही न लपवता. पळण्याचा भागही सांगितला.

ऐकून त्या गृहस्थांनी पानाचा डबा जवळ ओढला आणि सावकाश सुपारी कातरली. घरातल्या बायकाही थांबून ऐकत होत्या. शेवटी ते खाकरले आणि माझ्याकडे एकदा पाहून जड आवाजात म्हणाले की पोरगी त्यांना पसंत आहे, घरही चांगलं आहे, फक्त एक शंका आहे. "हे असं... तुमच्या घरान्यात आनखी कोनाले हाये का?"

मामाजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"बेफिकीर राहा," ते म्हणाले. "हा जवाई हाये. आमच्या रक्तातला नाई."

साक्षगंधाची तारीख तिथल्या तिथे ठरली.