राणीचे केस आणि बाटलीतलं खोबरेल

आमच्या गावात नारळाचा संबंध फक्त देवाशी होता. मार्कंड्याच्या देवळात गेलं की फोडायचा, बोटाएवढा तुकडा प्रसाद म्हणून चावत परत यायचं, संपलं. त्याचं तेल निघतं आणि ते माणसं डोक्याला लावतात, हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं. आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, आणि तेल म्हणजे खायला जवसाचं, सणाला तिळाचं, आणि बाकी सगळ्याला टोरीचं. टोरी म्हणजे मोहाची बी. ते तेल माणसाच्या डोक्याला, बैलाच्या खांद्याला, गोठ्यातल्या दिव्याला, सगळीकडे चालायचं. वास मात्र असा उग्र, की नागपूरकडून नवे गुरुजी आले ते पहिल्या दिवशी आम्हा पोरींना ओट्यावर बसवून स्वतः आत बसले होते.

अशा गावात खोबरेल आलं ते माझ्या काकापायी.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. आम्ही सगळे एकाच घरात. दिवसभर धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा हा माणूस दंडारीत राणी व्हायचा. दंडार म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ, आणि त्यात बायांची कामं पुरुषच करत. बाकीच्या गावांत राण्या टोप लावून नाचायच्या. आमच्या राणीचे केस स्वतःचे होते, चांगले कमरेपर्यंत! नांगरामागे जाताना तो त्यांचा बुचडा बांधून वर मुंडासं गुंडाळायचा. कुणी बांधावरून "का वं राणी, जेवली का?" असं चिडवलं तर चिडायचं सोडून लाजून दाखवायचा. शेजारच्या गावच्या राणीचा टोप नाचता नाचता ढोलकीवर पडला होता, त्याची नक्कल तो इतकी झकास करायचा की आम्ही पोट धरून लोळायचो.

खेळात एक जागा अशी होती की राजा लढाईत पडल्याचा निरोप येतो. राणी बुचडा सोडते आणि केस मोकळे टाकून रडते. त्या जागेसाठी चार-चार कोसांवरून बाया यायच्या. काका तर वर्षभर त्या एका जागेसाठीच जगायचा, असं काकू म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसे.

त्या वर्षी भादव्यात काकाला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांचा. उतरला तेव्हा काकाचा नुसता सापळा उरला होता, पण उतरला. मग दिवाळीच्या आंघोळीला काकूनं डोक्यावरून हात फिरवला आणि मूठभर केस तिच्या हातात आले. दुसऱ्या दिवशी आणखी मूठभर. पंधरा दिवसांत डोकं उंदरानं कुरतडल्यासारखं झालं. शेवटी न्हाव्याला बोलावून उरलेलं सगळं उतरवलं. काका आरशात बघून एवढंच म्हणाला, "गेली बाप्पा राणी."

आमच्या गावचा शंकरपट माघात. सकाळी बैलांच्या शर्यती, दुपारी दंडार. दंडारीचे म्होरके होते त्यांना सगळा गाव भाऊ म्हणायचा. ते येऊन सांगून गेले, "खांद्यापर्यंत जरी आले त राणी तूच. नाई त टोप लावजो."

"टोप लावून मी नाई नाचत," काका म्हणाला. "त्यापरीस घरी बसतो. कायमचा बसतो."

तो गंमत करत नव्हता. ज्यानं जन्मभर टोपवाल्यांची टर उडवली त्यानं टोप कुठल्या तोंडानं घालावा! मी दहा वर्षांची होते आणि काकाशिवाय दंडार ही कल्पनाच मला सहन होईना. मी मागच्या अंगणात जाऊन चांगली भोकाड पसरून रडले.

मग चामोर्शीच्या बाजारात काकूला एक तेलवाला भेटला. चांद्याहून यायचा, हातात पत्र्याचा भोंगा. "केस काळे, केस लांब, महिन्यात वीतभर! कांती उजळ, डोकं थंड, पोट साफ! भाजलं लावा, कापलं लावा, लेकराले चोळा!" काकूनं एक बाटली घरी आणली. बाटलीवर एक बाई होती, केस थेट घोट्यापर्यंत. काकानं ती बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिली आणि विचारलं, "हे बाई डोस्कं धुते तरी कधी?" मी मात्र बोटांवर हिशेब केला. महिन्याला वीत, माघापर्यंत दोन वितींच्या वर. खांद्याला पुरे.

रोज दिवेलागणीच्या आधी काकू त्याला ओसरीवर बसवायची आणि तेल चोळायची. काकाच्या डोक्याला देवळाचा वास यायला लागला. बकरी येऊन त्याचं डोकं चाटायची, उशीवर मुंग्यांची रांग लागायची, आणि म्हातारा कोतवाल रोज ओसरीवरून जाताना हात जोडून विचारायचा, "प्रसाद भेटते का इथी?"

एवढं महागाचं तेल घरात आल्यावर बाकीचे थोडेच गप्प बसणार? भोंग्यातला प्रत्येक शब्द आम्ही तपासून पाहिला. काकूनं टाचांच्या भेगांना लावलं. चार दिवसांत भेगा मऊ पडल्या, ते खरं. आईनं चुलीवर भाजलेल्या बोटाला लावलं, तर आग उलट वाढली आणि तिनं तेलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काकानं पोट साफ व्हावं म्हणून पळीभर प्यायलं आणि दुसरा दिवस सगळा लोटा घेऊन नदीकडे जाण्यात घालवला. म्हणजे तेही खरंच म्हणायचं! मी गोरी व्हायला तोंडाला थापलं आणि शाळेत गेले. वाटेवरची सगळी धूळ तोंडावर बसली. गुरुजी म्हणाले, "आज तोंड धुतलं नाहीस का?" मी आयुष्यात पुन्हा गोरं व्हायच्या भानगडीत पडले नाही.

आणि मग पुसातली, म्हणजे पौषातली, थंडी पडली. एके सकाळी काकूनं कोनाड्यातली बाटली काढली तर आतलं तेल पांढरंफटक, दगडासारखं घट्ट.

दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या बाईनं म्हटलं असतं, यात तुपाची नाहीतर चरबीची भेसळ आहे. पण आमच्याकडे थंडीत गोठणारं तेल एकच, टोरीचं. जवस गोठत नाही, तीळ गोठत नाही. काकूनं बाटली उलटी केली, हलवली, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे त टोरीचं तेल! वरतून वास लावून देल्लं मेल्यानं! आपल्या घरी गाडगंभर पडलं आहे न मी बाजारातून आणून राह्यली!" काका म्हणाला, "अवो, पण रंग पाय, टोरीचं त पिवळं..." "रंगाचं मले सांगू नोका!" तिनं उन्हात ठेवून त्यातलं अर्धं पातळ केलं आणि रागारागात गोठ्यातल्या दिव्यात ओतलं. तो दिवा आठ दिवस देवळासारखा घमघमत होता. बैलांची चंगळ झाली. काकाच्या डोक्याला मात्र पुन्हा घरचं टोरीचं तेल आलं.

पुढच्या बाजाराला ती उरलेली बाटली पदरात घट्ट गुंडाळून निघाली. पहाटे निघताना तेल दगडासारखंच होतं, मी स्वतः बघितलं होतं. दीड कोस चालणं, वर चढतं ऊन, आणि काकू तर रागानं आधीच तापलेली. तेलवाल्यासमोर तिनं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज लावला, "पाहा हो, लोकहो, खोबरेल म्हून टोरी विकते हा!" आणि बाटली वर धरली. बाटलीत पाण्यासारखं नितळ तेल. बाजार असा हसला की मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तेलवाला बिचारा हसला नाही. त्यानं समजावून सांगितलं की खोबरेलही थंडीत गोठतं, त्याची जातच तशी. आमचं टोरीचं गोठतं हे त्याला माहीत नव्हतं, त्याचं गोठतं हे आम्हाला. काकूचा राग उतरला. जराशानं ती खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, एक खरं सांगा. मुदतीच्या तापानं गेलेले केस यानं येतात का? पटापर्यंत?"

त्यानं भोंगा खाली ठेवला. "बाई, असलेले केस हे सांभाळते. गेलेले आणत नाई. तापाचे केस आपोआप येतात, पण त्यायच्या चालीनं येतात. तेल लावा का नोको लावा."

परतताना काकूनं मला बजावलं, "काकाले सांगजो नोको." आणि गंमत बघा, त्या दिवसापासून तिनं पुन्हा रोज खोबरेल चोळायला सुरुवात केली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ. "काऊन?" असं मी विचारलं तर म्हणाली, "तू आपलं पाढे म्हण."

पट आला तेव्हा काकाचे केस अंगठ्याएवढे होते. दाट, काळे, तुकतुकीत, पण अंगठ्याएवढेच. भाऊंनी टोप पुढे केला. काकानं तो बाजूला सारला आणि लुगडं नेसायला लागला. म्हणाला, "पदर आहे ना डोक्यावर. एवढा खेळ करतो, मंग पुढच्या साली दुसरा पाहून घ्या."

दुपारी बैल दमले, लोक सरकून बसले, ढोलकी सुरू झाली. मी आणि काकू बायांमध्ये पुढे. सगळा खेळ काका पदर धरून नाचला आणि मी देवाला हात जोडून बसले की निरोपाची ती जागा येऊच नये. ती आली. राजा पडला म्हणून सांगितलं. काकाचा हात सवयीनं मानेमागे गेला, जिथे बुचडा असायचा. तिथे काही नव्हतं. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं दोन्ही हातांनी पदर मागे टाकला.

मागे कुणीतरी पोर फिदीफिदी हसलं आणि लगेच गप्प झालं. मोठ्या घरांतल्या केस उतरवलेल्या विधवा आम्ही सगळ्यांनी पाहिल्या होत्या. उघड्या उन्हात तसंच डोकं घेऊन राणी उभी होती. ती केस मोकळे करून जे रडायची ते यापुढे काहीच नव्हतं. बायांमधून एक हुंदका आला, मग दुसरा, मग तर कुणी कुणाला आवरेना. भाऊ टोप हातात घेऊन ढसाढसा रडत होते.

मी आनंदानं काकूला हलवलं. "काकू, पाय ना, केसाशिवाय जमलं!"

काकूनं पदर तोंडात कोंबला होता. माझी कणखर काकू, बाजारात भांडणारी, ती रडत होती. "केसाचं का घेऊन बसली वं," ती म्हणाली. "भादव्यात त्याच्या तापाचे एकवीस दिवस मी तिथी उभी होती, तो उभा आहे ना, तिथीच."

मग नाक पुसून माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तेल त निमित्त होतं पोरी. रोज हात लावून पाहून राह्यली होती, डोस्कं पुन्हा तापलं त नाई."