डब्यात ठेवलेल्या नऊ कॅप्सुली

आमच्या कुडपणच्या घरात चुलीपासून लांब, वाशाला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा टांगलेला असे. मुंबईहून आलेलं आणि उरलेलं सगळं औषध त्यात जायचं. औषधाचं दुकान डोंगर उतरून पोलादपूरला, त्यामुळे तापाच्या चार गोळ्या आणल्या आणि दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या दोन डब्यात. सांगितलेलं औषध शेवटपर्यंत संपवणारी बाई आमच्याकडे उधळी ठरली असती. मी अंगणवाडीत कामाला होते. गरोदर बायांच्या कानीकपाळी ओरडायचे, की गोळ्या मधेच सोडू नका गं. आणि घरी येऊन डबा भरायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

एका वर्षी माझं ऑपरेशन झालं. कशाचं, ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. माझे स्तन फार मोठे आणि जड होते. लग्नानंतर, दोन बाळंतपणांनंतर ते वाढतच गेले. खांद्यांवर पट्ट्यांनी बोटभर खोल घळी पडल्या होत्या, पावसाळ्यात खालची कातडी सोलवटून निघायची, आणि गवताचा भारा डोक्यावर घेऊन चढताना मान अशी दुखायची की मी शिव्या घालत चढायचे. लोक बघायचे ते वेगळंच. हे दुखणं असतं हेच मला माहीत नव्हतं. नवरा मुंबईत नोकरीला होता, त्याने मान दाखवायला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मानेचा फोटो बघितला आणि म्हणाल्या, "मानेला काही झालेलं नाही. वजन कमी केलं पाहिजे, पण ते जेवण सोडून होणारं नाही." ऑपरेशन करून स्तन लहान करता येतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि तिथेच खुर्चीत रडले.

सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "देवानं दिलेलं कापून टाकायचं?" त्या म्हणाल्या. "उद्या नाक मोठं वाटलं तर तं बी कापशील काय गो?" मी उलट उत्तर दिलं, कारण मला गप्प बसता येत नाही, आणि आमचं बोलणं बंद झालं. वाडीत मात्र त्यांनी आपणहून सांगून टाकलं, की सुनेच्या पाठीचं आपरेशन हाय.

ऑपरेशनला आत घेण्याआधीच मला शिरेतून एक इंजेक्शन दिलं. मी विचारलं, "अजून कापलंही नाही, मग हे कशाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जंतू आत शिरू नयेत म्हणून आधीच राखण बसवतेय." राखण म्हटल्यावर मला पटलं. आम्हीही कणसं भरायच्या आधीच शेतातल्या माळ्यावर जाऊन बसतो, रानडुकरं येऊन गेल्यावर नाही. सहाव्या दिवशी घरी सोडताना आठवडाभराच्या लाल-काळ्या कॅप्सुली दिल्या, दिवसाला तीन. जखम चिघळू नये म्हणून या आहेत, एकही चुकवायची नाही, असं बजावलं. टाक्यांचं काही वाटलं तर महाडच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून चिठ्ठीही दिली. नवरा मुंबईत राहायचा ती गावकीची खोली, म्हणजे गावच्या लोकांनी मिळून घेतलेली; तिथे सगळे पुरुष. मी एसटीने घरी आले.

चार दिवस कॅप्सुली घेतल्या. पोटात मळमळायचं, तोंड कडू व्हायचं, आणि दुखणं तर जवळजवळ गेलं होतं. खांदे इतके हलके झाले होते की मला आपण पूर्ण बरे झालो असंच वाटलं. नऊ कॅप्सुली उरल्या होत्या. कुणाच्या तरी कामाला येतील म्हणून मी त्या डब्यात ठेवल्या. वाया गेलं नाही याचं समाधानही वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डाव्या बाजूची पट्टी ओली लागली. बघितलं तर खालच्या बाजूला, जिथे उभे आणि आडवे टाके मिळत होते, तिथे थोडं उकललं होतं. मी पट्टी बदलली आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार कुणाला? सासूबाईंनी "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं असतं, ते मला सहन झालं नसतं.

सकाळी सासूबाईंनी गुडघ्याला लावायचं मलम काढायला डबा खाली घेतला. मी चुलीपाशी होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला गोठ्यात नेलं. दुसऱ्या हातात माझ्या कॅप्सुली होत्या आणि दोन जुन्या, धूळ बसलेल्या ट्यूबा. त्या ट्यूबा मी ओळखल्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या म्हशीला दगडी झाली होती. कास दगडासारखी घट्ट, दुधात गाठी. जनावरांच्या डॉक्टरांनी सडात सोडायच्या पाच ट्यूबा दिल्या होत्या, रोज एक. ते काम माझ्याकडे होतं. तिसऱ्या दिवशी दूध स्वच्छ आलं, म्हणून मी उरलेल्या दोन डब्यात टाकल्या. आठवड्याने कास परत सुजली आणि एक सड कायमचा सुकला. शेजारणीची दृष्ट लागली असं मीच सगळ्यांना सांगितलं, आणि ती बिचारी कितीतरी दिवस आमच्या अंगणात आली नाही.

सासूबाईंनी मला म्हशीशेजारी बसवलं आणि माझा हात त्या सुकलेल्या सडावर ठेवला.

"तवा बी तिला बरं वाटलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुला वाटतंय तसंच."

"आये, तुम्हाला ठाऊक होतं?"

"डबा माझा हाय. काय पडलंय त्यात, मला ठावं नसंल? म्हशीचं व्हतं, म्हणून गप ऱ्हायले. आता तुझं हाय."

मग मी ओल्या पट्टीचं सांगून टाकलं. त्यांनी "मी म्हटलं नव्हतं?" असं विचारलं नाही. भाकरी खायला लावली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि कॅप्सूल माझ्या तळहातावर ठेवली. मी गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. नंतर आम्ही दोघी डोंगर उतरलो, जीपने पोलादपूर गाठलं आणि तिथून एसटीने महाडला गेलो. पिशवी त्यांनी मला हातात घेऊ दिली नाही. बसमध्ये माझ्या डोळ्यांपुढे सारखा तो सुकलेला सड येत होता. इतकं सोसून, घरादाराशी भांडून जे करून घेतलं, ते मी मळमळीपायी आणि डब्यापायी घालवलं असं वाटत होतं. इतकी भीती मला ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती.

महाडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, ताप बघितला, पट्टी काढली, कडेकडेने दाबून पाहिलं. सासूबाई पडद्याच्या आत माझ्याशेजारी उभ्या होत्या. तोवर त्यांनी जखमेकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर," त्यांनीच विचारलं, "हिची एक बाजू जायाची नाय ना?"

डॉक्टर हसले. "अहो, काही जात नाही. इथे टाक्यांवर ताण येतो म्हणून थोडं उकललंय. पू नाही, सूज नाही, ताप नाही. पट्टी बदलत राहा, भरून येईल." मग मी चुकवलेल्या कॅप्सुलींचं कबूल केलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. म्हणाले, "ऑपरेशनआधीच्या इंजेक्शनने तुम्हाला सांभाळलं, आणि नशिबानेही थोडं. उरलेल्या कॅप्सुली जेवणानंतर घ्या, म्हणजे मळमळणार नाही. काही वाटलं तर डॉक्टरला विचारून सोडायचं, आपल्या मनाने नाही."

आम्ही बाहेर आलो. एसटी स्टँडच्या बाकावर बसून मी आधी हसले आणि मग रडले, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत राहिल्या, "काय नाय, पाठीचं आपरेशन झालंय."

उरलेल्या कॅप्सुली मी त्यांच्या देखत संपवल्या. शेजारणीकडे जाऊन खरं काय ते सांगितलं; तिने मला दोन शब्द सुनावले आणि मग चहा दिला. जखम महिन्याभरात भरून आली.

दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा परत धारेला बसले. पुढे वाकले तरी मान दुखली नाही, पाठ ओढली नाही. तीन सडांची धार काढून झाली आणि माझा हात आपोआप चौथ्याकडे गेला. तो मी तसाच धरून बसले. सासूबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या.

"तिचा गेला तो गेला," त्या म्हणाल्या. "तुझं दोनी ऱ्हायलं. ऊठ आता, दूध निवतंय."